कारणं मागाहून

हेमचंद्रसरांना आयुष्यात न्यायाधीश व्हायचं होतं. ते राहून गेलं, आणि त्याची शिक्षा तोक्योच्या पूर्वेकडे राहणाऱ्या आम्हा सव्वाशे मराठी कुटुंबांना झाली. तोयोसुच्या एका आयटी कंपनीत ते करारमदाराचं काम बघतात. परदेशी गिऱ्हाइकांशी कंपनीचे करार इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे होतात, त्यामुळे सरांचं बरं चाललं आहे. तरुणपणी ते वर्षभर लंडनला कायदा शिकायला होते. त्यांच्या बोलण्यावरून पाहिलं तर ते वर्ष अजून संपलेलं नाही.

मी रेखा, आमच्या स्नेहसभेची लेखनिक. बैठकीत सगळे एकदम बोलतात, मी लॅपटॉप उघडून बसते आणि नंतर लोक जे बोलले त्यापेक्षा जरा बरं काहीतरी लिहून काढते. पुण्यात मी मराठीत एम.ए. केलं, इथे येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकले. मराठीचा उपयोग एवढाच उरला होता, म्हणून मी तो जीव लावून करत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

हिगाशी-कसाईत, म्हणजे आमच्या भागात, स्नेहसभेचं वजन आहे ते गणपतीमुळे नाही, पत्रामुळे. इथे भाड्यानं घर घ्यायचं तर पैशांची हमी घेणाऱ्या कंपन्या असतात, पण एजंटाला त्याशिवाय एक नाव लागतं. जपानमध्ये राहणारा, जपानी बोलणारा, आणि भाडेकरू सापडला नाही तर ज्याला फोन करता येईल असा कुणीतरी. त्याला 'तातडीचा संपर्क' म्हणतात. ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण जपानी सहकाऱ्याला विचारलं की तो दातांतून हवा आत ओढतो आणि मान वाकडी करतो, म्हणजे नाही. स्नेहसभेचे अध्यक्ष दिगंबरकाका इथे तीस वर्षं आहेत आणि भागातले एजंट त्यांना ओळखतात. सभेचं पत्र आणि त्यावर काकांचा शिक्का दिसला की अर्ज पुढे सरकतो. नाही दिसला की दोन दिवसांनी एक अतिशय नम्र फोन येतो, की मालकांनी नकार दिला आहे.

तीन वर्षांपूर्वी हरीश नावाचा एक लग्न न झालेला इंजिनिअर सभेच्या पत्रावर घर घेऊन राहिला आणि एका शुक्रवारी कुणालाही न सांगता भारतात निघून गेला. एजंटानं काकांना बोलावलं. आत चार महिन्यांचा कचरा होता, सगळा एकत्र. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, आणि कुकरमध्ये काहीतरी, जे आता कुठल्याच प्रकारात बसत नव्हतं. पासष्ट वर्षांचे काका दोन दिवस नाकाला रुमाल बांधून दुसऱ्याचा कचरा वेगळा करत बसले.

त्यानंतर महिन्याभरात रणजितचा अर्ज आला. तोही एकटा, तोही पुण्याचा. काका म्हणाले, मी शिक्का मारणार नाही. रणजित म्हणाला, हरीशनं केलं त्यात माझा काय दोष? मग भांडण तंटा समितीकडे आलं. समिती म्हणजे हेमचंद्रसर, रविवारचा मराठी वर्ग चालवणाऱ्या सुरेखावहिनी, आणि स्वतः दिगंबरकाका. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच निवाडा करायला बसले होते, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

कुणीतरी म्हणालं, एकदाची नियमावली करून टाकू. सरांनी घाईघाईनं हात वर केला.

"नियमावली अजिबात नको. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं काय केलं? कुणी बसून कायदा लिहिला नाही. समोर जी केस आली तेवढीच जजनं डिसाइड केली, पण कारणं देऊन. पुढे तशीच केस आली की पुढच्या जजनं मागचं बघितलं आणि तसंच केलं. असं करत करत कॉमन लॉ उभा राहिला. साध्या माणसांच्या भांडणांतून!"

"आणि मागचाच निकाल चुकला असेल तर?" रणजितनं विचारलं.

"तर फरक दाखवायचा. माझी केस वेगळी आहे, ती कशी, हे पटवायचं. निकालाचा एक गाभा असतो, तो पुढच्यांना बांधतो. जज जाता जाता आणखी चार वाक्यं बोलतो, ती कुणाला बांधत नाहीत. हे ज्याला कळलं त्याला कॉमन लॉ कळला."

मला ते सगळं फार आवडलं. कुणी राजा नाही, कुणी पुस्तक नाही, माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन येतात आणि त्यांतून हळूहळू शहाणपण साठत जातं. मी भाळलेच म्हणा ना.

रणजितला नकार मिळाला. कारण असं, की तो निघून गेला तर त्याच्यामागे इथे उत्तर द्यायला कुणी नाही. सरांनी मला मसुदा पाठवला. 'एकट्या अर्जदाराच्या अनुपस्थितीत उत्तरदायी इसम उपलब्ध नसल्याकारणाने' अशी त्याची सुरुवात होती. 'इसम' मला वाचवेना. मी तो परिच्छेद तसाच ठेवला आणि वर माझ्या मनानं एक ओळ घातली : 'स्नेहसभा घराच्या पाठीशी उभी राहते, एकट्याच्या नाही.'

सरांचा फोन आला. "रेखाताई, वा! हे वाक्य टिकेल बघा."

मी दोन दिवस हवेत होते. रणजित दीड तासावरच्या एका सामायिक घरात राहायला गेला आणि सभेत यायचा बंद झाला. त्याचं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही. गुगल डॉकमध्ये मी नवी फाइल उघडली, तिला 'निकालवही' असं नाव दिलं आणि रणजितचा निकाल पहिल्या पानावर चिकटवला. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन एकट्या मुलांना त्याच ओळीवर नाही म्हणून सांगण्यात आलं. दर वेळी सर ती ओळ मोठ्यानं वाचत, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी मला बरं वाटे.

आता माझ्या घराचं सांगते. अनुराग मारत नव्हता. हे आधी सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. तो शिक्षा करायचा. कधी दोन दिवस माझा फोन काढून घ्यायचा. कधी आठवडाभर बोलायचा नाही आणि ज्ञानदालाही माझ्याशी बोलू द्यायचा नाही. ज्ञानदा आमची मुलगी, नऊ वर्षांची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी त्याच्या आईला फोनवर उलट उत्तर दिलं म्हणून त्यानं मला बाल्कनीत काढलं आणि आतून कडी लावली. पायात काही नव्हतं. पाऊण तास मी तिथे उभी होते. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालायला आली, मला बघून तिनं वाकून नमस्कार केला, मीही केला. काचेच्या पलीकडे ज्ञानदा उभी होती. कडीपर्यंत तिचा हात पोचत होता. तिनं ती काढली नाही, कारण बाबा मागे सोफ्यावर बसला होता.

संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते तेव्हा ती जपानीत म्हणाली, "गोमेन ने, मामा." म्हणजे सॉरी, आई. नऊ वर्षांच्या मुलीनं मला बाल्कनीत ठेवल्याबद्दल माझी माफी मागितली. त्याच क्षणी माझं ठरलं. मी थंडी सोसली असती, आणखी पुष्कळ काय काय सोसलं असतं, पण हे घर बघत ती मोठी व्हायला नको होती.

माझी सगळी तयारी होती. ऑफिसनं गेल्याच वर्षी मला माझ्या स्वतःच्या नावावर व्हिसा करून दिला होता. पगार होता. ज्ञानदाच्याच शाळेच्या हद्दीत दोन खोल्यांचं घर मिळालं होतं आणि मालकीणबाई परदेशी भाडेकरू ठेवायला तयार होत्या, हेच मुळात नवल. एजंटानं आठ दिवस घर थांबवून ठेवतो म्हणून सांगितलं. फक्त एक नाव हवं होतं.

ऑफिसातल्या मोरियामा-सानला विचारलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. माझी मैत्रीण चैत्राली उरायासुला राहते, तिनं मला आणि ज्ञानदाला घरात घेतलं, पण तिचा नवरा अनुरागच्याच टीममध्ये, तो सही कशी करणार? वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवरची बाई फार मायेनं बोलली. म्हणाली, आश्रयगृह देऊ, पण शाळा बदलावी लागेल, नोकरीवर जाता येणार नाही, फोन बंद ठेवावा लागेल. म्हणजे त्यानं कडी लावली आणि लपून मी राहायचं. तेव्हा उरली स्नेहसभा. तिथे मी सहा वर्षं राबले होते.

रविवारी अकराला वॉर्डाच्या सभागृहातल्या छोट्या खोलीत समिती बसली. शेजारच्या खोलीत मराठीचा वर्ग चालू होता, मुलं एका सुरात बाराखडी म्हणत होती, त्यात ज्ञानदाही होती. लेखनिक दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे माझ्याच अर्जाची नोंद मीच टाइप करत होते.

"बोला, रेखाताई," सर म्हणाले. "तुमचा मुद्दा मांडा."

मी रात्रंदिवस तोच घोकत होते. म्हणाले, "रणजितच्या निकालाचा गाभा एवढाच आहे, की माणूस निघून गेला तर मागे उत्तर द्यायला कुणी नाही. मी निघून जाणार नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत तिसरीत आहे. नोकरी इथे आहे. बारा वर्षं मी कचरा ज्या त्या दिवशी टाकते, काकांना विचारा. 'घराच्या पाठीशी, एकट्याच्या नाही' हे वाक्य जाता जाता आलेलं आहे. ते बांधत नाही. मला माहीत आहे, कारण ते मीच लिहिलं आहे."

सरांचे डोळे चमकले. खरंच चमकले. "सुंदर! अहो, लंडनला माझ्याबरोबरच्या निम्म्या मुलांना हा फरक शेवटपर्यंत कळला नव्हता."

"आणि मी एकटी नाही," मी म्हणाले. "मी आणि ज्ञानदा, हे घरच आहे."

मग काका हळूच म्हणाले, "अगं, घर म्हणजे... अनुराग आहे ना. घर आहेच तुझं. आम्ही दुसऱ्या घराला पत्र द्यायचं म्हणजे पहिलं मोडायला पत्र दिल्यासारखं होतं."

"काका, त्यानं मला अनवाणी बाल्कनीत कोंडलं होतं."

"ते चूकच," काका म्हणाले. "मी बोलेन त्याच्याशी."

सुरेखावहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. "रेखा, मला फार वाईट वाटतं गं. पण माझं एकटीचं मत काय उपयोगाचं?" तीनजणांच्या समितीत एकाच्या मताचा पुष्कळ उपयोग असतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण तेव्हा त्यांच्या हाताची ऊब मला इतकी हवी होती की मी गप्प राहिले.

तिघं बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. सरांनी चष्मा पुसला.

"माणूस म्हणून मला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण ही ओळ आता तीनदा वापरली गेली. जाता जाता आलेली असेल, आता ती तशी राहिली नाही. लोकांनी तिच्यावर भरवसा ठेवला. ओळखीच्या माणसासाठी आज ती वाकवली तर रणजितला काय तोंड दाखवू? माझे हात बांधलेले आहेत, रेखाताई."

त्यांचं मला पटलं. हे सांगायला लाज वाटते, पण अर्धं पटलं. रणजितला नाही तर मलाही नाही, हा न्यायच झाला की. मी टाइप केलं : अर्ज नामंजूर. शेजारी बाराखडी 'ज्ञ'पर्यंत येऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा खाताना निकालाची मांडणी नीट करायला मी फाइल उघडली. टेस्टिंगच्या कामात आम्ही नेहमी बघतो, कुठली ओळ कधी बदलली. हात सवयीनं तिकडे गेला. फाइलचा इतिहास उघडला.

शनिवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी सरांनी माझ्या नावाखाली 'अर्ज नामंजूर' असं लिहिलं होतं. त्याखाली 'कारणे' असा मथळा आणि पुढे कोरी जागा. कारणं रविवारी दुपारी दीडनंतर भरली गेली होती. माझा प्रत्येक मुद्दा तिथे होता, माझ्यापेक्षा नेटक्या शब्दांत, आणि प्रत्येकाला उत्तर होतं. शनिवारी दुपारी अनुराग सरांकडे चहाला गेला होता, हे मला चैत्रालीच्या नवऱ्यानं आधीच बोलता बोलता सांगितलं होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं. म्हटलं, समिती आहे, निकालवही आहे, कारणं लिहावी लागतात. चहानं काय होतंय?

मी डबा तसाच बंद केला. राग तर आलाच, पण त्याहून मला माझीच कीव आली. रविवारी मी किती मन लावून बोलले होते.

एजंटाचा नम्र फोन बुधवारी आला. चैत्रालीकडे अकरा दिवस झाले होते. ती काही म्हणाली नाही, पण तिच्या नवऱ्यानं आमच्यासमोर बसून जेवणं सोडलं होतं. एप्रिलमध्ये शाळा सुरू होणार होती, पत्ता कळवायचा होता. मी बॅगा घेऊन परत हिगाशी-कसाईला आले. अनुरागनं दार उघडलं आणि म्हणाला, "चपला नीट ठेव." ज्ञानदा सरळ आत गेली आणि गृहपाठाला बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत फारसं बोलत नाही.

जूनमध्ये अवधूतचा अर्ज आला. अवधूत म्हणजे दिगंबरकाकांचा पुतण्या, चोवीस वर्षांचा, एकटा, विमानतळावरून सामान घेऊन थेट काकांच्या घरी उतरलेला. काकांचं वय झालेलं, नुसतं त्यांचं नाव एजंटाला पुरेना. त्याला सभेचं पत्र हवं होतं.

समिती पंधरा मिनिटं बसली. मला वाटलं होतं, आता तरी सरांना घाम फुटेल. कसचं काय! सर खुलले होते. त्यांनी फरक दाखवला. अवधूत एकटा दिसतो, पण तो एकटा नव्हे, तो दिगंबरकाकांच्या घराचाच विस्तार आहे. म्हणून सभा त्याच्या पाठीशी उभी राहते तेव्हा घराच्याच पाठीशी उभी राहते. जुना नियम कायम, उलट त्यामुळे तो आणखी स्पष्ट झाला. मंजूर.

काका आणि वहिनी चहा घ्यायला बाहेर गेले. खोलीत सर आणि मी दोघंच उरलो, मी टाइप करत होते.

"सर," मी म्हणाले, "माझा निकाल तुम्ही शनिवारीच लिहिला होता. फाइलमध्ये दिसतं."

मला वाटलं, ते दचकतील. ते हसले, आणि त्या हसण्यात ओशाळं काही नव्हतं.

"अर्थात. तुम्हाला काय वाटलं, जज कोऱ्या पाटीनं बसतो? आधी आतून कळतं, काय करायचं ते. मग बघायचं, त्याला कारणं लिहिता येतात का. नाही लिहिता आली तर मत बदलायचं. हीच तर त्या पद्धतीतली खरी शिस्त."

"मग तुम्ही कधी बदललंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "अजून तशी वेळ आली नाही," ते म्हणाले. "कारणं सापडतात हो. वाचन असलं की सापडतात."

"आणि माझ्यासाठी सापडली नसती? अवधूतसाठी सापडलेल्या कारणांच्या निम्म्यानं माझं काम झालं असतं."

"सापडली असती," सर म्हणाले. "पण रेखाताई, तुम्हाला पत्र दिलं असतं तर सभा फुटली असती. अनुराग, त्याची टीम, गणपतीचं सगळं काम त्यांच्याकडेच. अवधूतला दिल्यानं कुणाचं काय बिघडलं? जजला हेही बघावं लागतं. फक्त लिहायचं नसतं." मग त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बोट केलं. "शेवटी एक वाक्य घाला. 'यापूर्वी एका सभासद महिलेचा अर्ज याच नियमानुसार नामंजूर झाला होता. त्यानंतर संबंधित महिला स्वगृही परतली व एक संसार मोडण्यापासून वाचला, यावरून सदर नियमाची योग्यता दिसून येते.' नाव नको, आणि वहीतल्या तुमच्या निकालावरचंही काढून टाका. तुमचा मान राखायला हवा."

माझी बोटं थांबली. "हे खोटं आहे."

"कुठलं? अर्ज आला होता. नामंजूर झाला. तुम्ही परत घरी गेलात. यातलं कुठलं वाक्य खोटं आहे, सांगा, मी काढतो."

मी वाक्य पुन्हा वाचलं. एकेक तुकडा सुटा करून वाचला. बाल्कनी त्यात नव्हती, कडी नव्हती, चैत्रालीच्या घरातले अकरा दिवस नव्हते. पण जे होतं त्यात खोटं असं काही मला दाखवता येईना. बाहेरून वहिनींचा आवाज आला, चहा निवतोय. मी टाइप केलं. ऱ्हस्व-दीर्घही तपासले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, मी ओट्यापाशी उभी राहून पोह्यांना फोडणी देत होते. अनुराग टेबलाशी बसून मोबाइल बघत होता, ज्ञानदा त्याच्या समोर. फोन वाजला. अनोळखी नंबर. गॅस बारीक केला.

"रेखाताई बोलताय ना? स्नेहसभेच्या?" बाईचा आवाज होता, नवा, अगदी हळू. मागे नळ सोडलेला ऐकू येत होता. नळ कशासाठी सोडतात ते मला माहीत आहे. "माझं नाव राधिका. आम्ही जानेवारीतच आलोय. मला विचारायचं होतं, सभा घरासाठी पत्र देते ना, ते... फक्त बाईला देता का तुम्ही? म्हणजे एकटीला?"

अनुरागनं मोबाइलवरून मान वर केली. "कोण आहे?"

"सभेचं काम आहे," मी म्हणाले.

तो माझ्याकडेच बघत राहिला. त्यानं चमचा हातात धरला होता. ज्ञानदाही बघत होती.

"तसा नियम नाही," मी फोनमध्ये म्हणाले. माझा आवाज मला बैठकीतल्यासारखा ऐकू आला. "एकट्या अर्जदाराला सभा पत्र देत नाही. निकालवहीत आहे."

"मी वाचली ती," राधिका म्हणाली. "ग्रुपवर लिंक होती ना. त्यात एका बाईंचं आहे, त्यांनाही नाही मिळालं पत्र, मग त्या परत घरी गेल्या असं." नळाचा आवाज थोडा मोठा झाला. "ताई, त्या बाई ओळखीच्या आहेत का हो तुमच्या? मला एवढंच सांगा. त्यांचं पुढे नीट झालं का सगळं?"

पोहे खाली लागायला लागले होते. अनुराग अजून बघत होता. मी एक शब्द वेगळा बोलले असते तर त्यानं विचारलं असतं, कोणाचं काय नीट झालं, आणि मला सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणाले. "नीट झालं."

"बरं झालं बाई," राधिका म्हणाली. खरंच तिला हायसं वाटलं होतं. "मग मीही जरा धीर धरते. उगीच घाई करत होते मी."

तिनं नळ बंद केला आणि फोन ठेवला.